हलकी गळमासेमारी : स्पिनिंग व कास्टिंग साधने

हलकी गळमासेमारी ही काठी, दोरा आणि गळ यांच्या साहाय्याने मासे पकडण्याची एक पद्धत आहे. साधारणतः २ ते १० ग्रॅम वजनाचे लहान आमिष, बारीक दोरा आणि लवचीक काठी वापरून सावध झालेल्या किंवा भूक मंदावलेल्या माशाला आमिष घेण्यास प्रवृत्त करणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. इंग्रजीतील ‘फिनेस फिशिंग’ या नावानेही ती ओळखली जाते. उत्तर अमेरिकेत बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशासाठी ती विकसित झाली आणि जपानमध्ये तिला अधिक सूक्ष्म रूप मिळाले. भारतात बास हा मूळचा मासा नसल्याने महाशीर, मरळ, तिलापिया इत्यादी माशांसाठी हौशी मासेमार तिचा उपयोग करतात.

या पद्धतीत दोन प्रकारची साधने वापरली जातात : स्थिर बॉबिनचे स्पिनिंग रीळ व त्याची काठी, आणि फिरत्या बॉबिनचे कास्टिंग (बेटकास्टिंग) रीळ व त्याची काठी. आमिष हलके आणि पाणी मोकळे असल्यास स्पिनिंग, तर आमिष जड आणि पाण्यात झाडझाडोरा दाट असल्यास कास्टिंग साधन सोयीचे ठरते. ही निवड केवळ सोयीपुरती नसते. परिस्थितीला न पेलणारे साधन वापरल्यास दोरा तुटतो आणि मासा तोंडात गळ व मागे लोंबता दोरा घेऊन निसटतो.

संज्ञा

‘गळ’ हा शब्द मराठीत माशाच्या तोंडात रुतणाऱ्या आकड्यासाठी आणि संपूर्ण साधनासाठीही वापरला जातो. कोकणात व विदर्भाच्या काही भागांत त्यास ‘गरी’ असेही म्हणतात. नायलॉनच्या एकतंतू दोऱ्यास मासेमारीच्या व्यवहारात ‘तंगूस’ ही संज्ञा रूढ आहे.

‘स्पिनिंग’ या इंग्रजी शब्दाचा येथे सूतकताईशी संबंध नाही. पाण्यातून ओढताना गरगर फिरणारे आमिष वापरण्याच्या पद्धतीस प्रथम हे नाव मिळाले व पुढे ते रिळालाही चिकटले. ‘कास्टिंग’ म्हणजे फेकणे. वास्तविक दोन्ही साधनांनी आमिष फेकलेच जाते. तथापि ‘कास्टिंग’ ही संज्ञा व्यवहारात फिरत्या बॉबिनच्या साधनापुरती मर्यादित झाली आहे.

इतिहास

भारतात गळाने मासे पकडण्याचा छंद जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात राजाच्या करमणुकीचा प्रकार म्हणून गळमासेमारीचे वर्णन आढळते. इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने लिहिलेले ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. महाशीर आणि इतर भारतीय मासे काठीने कसे पकडावेत याचे त्यात विवेचन आहे.

फिरत्या बॉबिनचे, दातेरी चाकांनी वेग वाढवणारे रीळ अमेरिकेतील केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तयार झाले. त्याचे श्रेय जॉर्ज स्नायडर या घड्याळजीला दिले जाते. घड्याळातील चाकांची रचना त्याने रिळात आणली. मूठ एकदा फिरवली असता बॉबिन अनेकदा फिरे, त्यामुळे दोरा जलद गुंडाळता येऊ लागला.

स्थिर बॉबिनच्या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलक याने १८८४ मध्ये टाकले. त्याच्या रिळाची बॉबिन फेकीच्या वेळी काटकोनात वळवता येई व दोरा तिच्या टोकावरून सुटे. १९०५ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा कापड उद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने स्थिर बॉबिनच्या रिळाचे पेटंट घेतले. कापडगिरणीतील बॉबिनच्या टोकावरून सूत कसे सहज निघते, याच्या निरीक्षणातून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते.

नायलॉनचा शोध १९३८ मध्ये जाहीर झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा एकतंतू दोरा सर्वत्र पसरला. रेशमी वा कापसाच्या दोऱ्यापेक्षा तो बारीक, पाणी कमी शोषणारा आणि स्वस्त होता. त्याच्यामुळे स्पिनिंग रीळ सामान्य हौशी मासेमाराच्या हाती आले. फ्रान्समधील ‘मिचेल’ रिळे आणि स्वीडनमधील ‘ॲम्बॅसडर’ ही कास्टिंग रिळे याच युद्धोत्तर काळात प्रसिद्धी पावली. हलक्या मासेमारीची पद्धत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. स्वच्छ पाण्याच्या आणि मासेमारांची गर्दी असलेल्या जलाशयांत मोठ्या आमिषाला मासे बिचकू लागले, तेव्हा आमिष व दोरा लहान करण्याकडे कल वाढला.

रचना व कार्य

स्पिनिंग रीळ

स्पिनिंग रीळ काठीच्या खालच्या बाजूस टांगलेले असते. त्याची बॉबिन काठीच्या दिशेत बसवलेली असून फेकीच्या वेळी ती फिरत नाही. तारेची कमान उघडली की दोरा बॉबिनच्या पुढच्या कडेवरून वेटोळ्यांच्या रूपाने सुटतो. मूठ फिरवली की कमान बॉबिनभोवती फिरून दोरा पुन्हा गुंडाळते. सूतगिरणीत शंकूवर गुंडाळलेले सूत शंकू न फिरवता त्याच्या टोकाकडून ओढले जाते. कापूसपट्ट्यात वसलेल्या व कापडगिरणीची परंपरा असलेल्या अचलपूरसारख्या गावातील वाचकास या दृश्यावरून स्पिनिंग रिळाचे तत्त्व चटकन समजू शकते.

बॉबिन फिरवण्यासाठी आमिषाला शक्ती खर्च करावी लागत नाही, हा या रचनेचा मुख्य लाभ होय. म्हणूनच दोन-तीन ग्रॅमचे आमिषही पुरेसे दूर जाते. कमान उघडी ठेवल्यास आमिष सरळ खाली बुडते, हाही एक गुण आहे. खडकाच्या कडेला किंवा खोल डोहात आमिष उभ्या रेषेत उतरवायचे असल्यास तो उपयोगी पडतो.

या रिळाचा प्रमुख दोष म्हणजे दोऱ्याला पडणारा पीळ. मासा दोरा ओढून नेत असताना मूठ फिरवत राहिल्यास दोरा आत येत नाही, पण कमान मात्र फिरत राहते. मुठीच्या एका फेऱ्यात कमान सुमारे पाच वेळा फिरत असेल, तर तेवढेच पीळ दोऱ्यात भरतात. पुढच्या फेकीत हा पिळलेला दोरा गुंता होऊन बाहेर पडतो. त्यामुळे मासा ओढ घेत असताना मूठ थांबवणे, फेकीनंतर कमान हाताने मिटवणे आणि बॉबिन कडेपासून सुमारे २ मिलिमीटर रिकामी राहील इतकीच भरणे, ही पथ्ये पाळली जातात. बॉबिन फार रिकामी असल्यास दोरा कडेवर घासून फेक आखूड होते, तर काठोकाठ भरल्यास वेटोळी एकदम निसटतात.

कास्टिंग रीळ

कास्टिंग रीळ काठीच्या वरच्या बाजूस बसते. त्याची बॉबिन आडवी असून फेकीच्या वेळी ती स्वतःच्या अक्षाभोवती फिरते व दोरा सरळ सुटतो. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा ज्या चक्रीवरून सुटतो, तिचे कार्य याच प्रकारचे असते. पतंगाची ओढ मंदावली आणि चक्री मात्र वेगाने फिरत राहिली, तर मांजाचा गुंता होतो. कास्टिंग रिळातही आमिषाचा वेग कमी होऊन बॉबिनचा वेग तसाच राहिल्यास दोरा बाहेर जाण्याऐवजी बॉबिनवरच उलटा सुटत जातो व त्याचे जाळे बनते.

हा गुंता टाळण्यासाठी तीन उपाय असतात. पहिला, अंगठ्याचा हलका दाब. आमिष पाण्याला टेकण्यापूर्वी बॉबिन अंगठ्याने थांबवणे हे या साधनाचे मुख्य कौशल्य समजले जाते. दुसरा, केंद्रोत्सारी रोधक. त्यात बॉबिनच्या वेगाने बाहेर फेकले जाणारे लहान ठोकळे कडेला घासून वेग आवरतात. तिसरा, चुंबकीय रोधक. त्यात धातूची बॉबिन चुंबकांजवळून फिरताना तिच्यात भोवरी विद्युत्प्रवाह निर्माण होऊन त्यांचा विरोध होतो. बॉबिन जितकी वेगाने फिरते तितका हा विरोध वाढतो.

कास्टिंग रिळात दोरा बॉबिनवर थेट व सरळ गुंडाळला जातो. कमानीवरून काटकोनात वळत नाही. त्यामुळे जाड दोरा आणि जोराची ओढ त्याला सहज पेलते. फेकीची अचूकताही अंगठ्याच्या नियंत्रणामुळे अधिक असते. दोऱ्याला पीळ पडत नाही.

जडत्वाचा प्रश्न

दोन्ही साधनांतील निवडीचा गाभा जडत्वाशी निगडित आहे. फिरत्या बॉबिनला स्थिर अवस्थेतून गती देण्यासाठी आमिषानेच तिला ओढावे लागते. आमिष जड असेल तर हे काम सहज होते. ते हलके असेल तर फेकीतील बरीचशी शक्ती बॉबिन फिरवण्यातच खर्च होते आणि आमिष जवळच पडते. त्यावर उपाय म्हणून रोधक सैल केले, तर थोड्याशा वाऱ्याने आमिष मंदावताच गुंता होतो. साध्या कास्टिंग रिळासाठी ७ ते १० ग्रॅमच्या खालचे आमिष अडचणीचे मानले जाते, ते याच कारणाने.

स्पिनिंग रिळात हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र दोरा जाड झाला की त्याची ताठ वेटोळी कड्यांवर आपटून फेक आखूड होते. म्हणजे कास्टिंगची मर्यादा आमिषाच्या हलकेपणात, तर स्पिनिंगची मर्यादा दोऱ्याच्या जाडीत आहे. दोन्ही साधनांचे क्षेत्र या दोन मर्यादांनी बहुतांशी ठरते.

काठी व दोरा

स्पिनिंग काठीच्या कड्या खालच्या बाजूस असतात. त्यांतील मुठीकडची पहिली कडी मोठी व पुढच्या क्रमाने लहान होत गेलेल्या असतात, कारण सुटणाऱ्या दोऱ्याची वेटोळी हळूहळू सरळ करावी लागतात. कास्टिंग काठीच्या कड्या वरच्या बाजूस व प्रथमपासूनच लहान असतात. तिच्या मुठीखाली बोट अडकवण्यासाठी आकडी असते. एका प्रकारचे रीळ दुसऱ्या प्रकारच्या काठीवर बसवल्यास कड्यांचा आकार व दिशा दोन्ही जुळत नाहीत. म्हणून काठी व रीळ यांची निवड एकत्रच करणे इष्ट असते.

हलक्या मासेमारीसाठी सुमारे २ ते २.२ मीटर लांबीची, शेंड्याकडे चटकन वाकणारी स्पिनिंग काठी प्रचलित आहे. काठीवर तिला पेलणाऱ्या आमिषाचे वजन व दोऱ्याची शक्ती छापलेली असते. नवशिक्याने रिळापेक्षा या आकड्यांकडे आधी पाहणे उपयुक्त ठरते. आमिषाचे वजन त्या मर्यादेखाली असल्यास काठी वाकत नाही आणि आमिष नीट फेकले जात नाही.

दोऱ्याचे तीन प्रकार सामान्यतः वापरात आहेत. नायलॉनचा तंगूस ताणतो, त्यामुळे माशाचा अचानक झटका तो पचवतो. पण दूरच्या आमिषाला झालेला हलका स्पर्श हातापर्यंत नीट पोहोचत नाही. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो, बुडतो व घासणे अधिक सोसतो. मात्र तो ताठ असल्याने लहान स्पिनिंग बॉबिनवरून उसळतो. पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा त्याच जाडीत कितीतरी अधिक भार पेलतो आणि जवळजवळ ताणत नाही. परंतु तो पाण्यात दिसतो व खडकावर लवकर कापला जातो. या कारणाने स्पिनिंग रिळावर बारीक विणलेला दोरा आणि त्याच्या पुढे एक-दोन मीटर फ्लुरोकार्बन जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. दोऱ्याची गाठ आवळण्यापूर्वी ओली केली जाते. कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन व फ्लुरोकार्बन दुर्बळ होतात.

निवडीचे निकष

आमिषाचे वजन : ५ ग्रॅमपर्यंत स्पिनिंग साधन निःसंशय सोयीचे असते. १० ग्रॅमच्या पुढे कास्टिंगचे गुण दिसू लागतात. ५ ते १० ग्रॅमच्या दरम्यान दोन्ही चालतात व इतर निकष निर्णायक ठरतात.

पाण्यातील अडथळे : मोकळ्या पाण्यात मासा पळाला तरी दोरा देऊन त्याला दमवता येते. जलपर्णी, कमळवेली किंवा बुडालेली झुडपे असल्यास पहिल्या काही क्षणांतच माशाला बाहेर ओढावे लागते. तेथे जाड दोरा व कास्टिंग रीळ आवश्यक असते.

पाण्याची स्वच्छता : गढूळ पाण्यात जाड दोरा माशाला फारसा जाणवत नाही. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर बारीक दोरा व लहान आमिष यांचा लाभ अधिक मिळतो.

वारा : समोरून वारा असताना हलके आमिष हवेतच मंदावते. कास्टिंग रिळात याचा परिणाम गुंत्यात होतो. स्पिनिंगमध्ये दोऱ्याला झोल पडतो, पण मासेमारी थांबत नाही.

सराव : स्पिनिंगची फेक थोड्या सरावाने साधते. कास्टिंगमधील अंगठ्याचे नियंत्रण अंगवळणी पडण्यास अधिक काळ लागतो. त्यामुळे नवशिक्यास प्रथम स्पिनिंग साधन घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

खर्च : तीन-चार ग्रॅमचे आमिष फेकू शकणारी खास कास्टिंग रिळे जपानी उत्पादकांनी विकसित केली आहेत. त्यांची बॉबिन अतिशय हलकी व उथळ असते, त्यामुळे जडत्व कमी होते. या पद्धतीस ‘बेट फिनेस’ म्हणतात. ती अचूक असली तरी त्याच वजनासाठी लागणाऱ्या साध्या स्पिनिंग साधनापेक्षा महाग पडते.

दाट अडथळे आणि हलके आमिष या दोन्ही अटी एकाच वेळी उपस्थित झाल्यास निकष परस्परविरोधी होतात. अशा वेळी आमिष जड करून मजबूत दोरा वापरणे किंवा ती जागा सोडणे, हाच मार्ग उचित ठरतो. बारीक दोऱ्याने दाट वेलींत मासा अडकवल्यास मासा वेलींभोवती फिरून दोरा तोडतो. मासेमाराचे नुकसान तेथे एका आमिषापुरते असते. माशाला मात्र तोंडातील गळासह जगावे लागते.

ड्रॅगची जुळवणी

ड्रॅग म्हणजे ठरावीक ओढीनंतर बॉबिनला घसरू देणारी चकत्यांची यंत्रणा. हलक्या मासेमारीत दोरा कमकुवत असल्याने तिला विशेष महत्त्व आहे. दोऱ्याच्या तुटण्याच्या भाराच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ओढीला ड्रॅग घसरावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३ किलोग्रॅमच्या दोऱ्यासाठी ही ओढ ७५० ग्रॅम ते १ किलोग्रॅम येते. दोऱ्याचे टोक स्प्रिंगच्या तोलकाट्याला बांधून काठीने ओढल्यास हे मोजता येते.

मासा बराच दोरा ओढून नेतो तेव्हा बॉबिनवरील थर पातळ होतो व तोच ड्रॅग अधिक कडक होत जातो. थराची त्रिज्या निम्मी झाली तर बॉबिन घसरण्यास दुप्पट ओढ लागते. त्यामुळे मासा दूर गेल्यावर ड्रॅग घट्ट करणे धोक्याचे असते, उलट तो किंचित सैल करावा लागतो.

वऱ्हाडातील उपयोग

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगा आहेत. त्यांच्या दक्षिण उतारावरील सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर इत्यादी नद्यांचे पाणी पूर्णेच्या खोऱ्यात येते, तर मेळघाटातील सिपना, खंडू, खापरा, गाडगा व डोलार या नद्या तापीला मिळतात. पूर्णा नदीही पुढे तापीलाच मिळते. अचलपूर व परतवाडा ही जोडगावे सापन-बिच्छनच्या परिसरात असून आसपास सापन, चंद्रभागा, शहानूर आणि पूर्णा हे पाटबंधारे प्रकल्प आहेत. या भागात नदीचे डोह, धरणांचे मोकळे पाणी आणि तलावांतील वनस्पतींनी भरलेले उथळ काठ असे तिन्ही प्रकार आढळत असल्याने निवडीचा प्रश्न येथे प्रत्यक्षात उपस्थित होतो.

मरळ हा येथील शिकारी मासा बासच्या सवयींना बराच जवळचा आहे. तो उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात दबा धरून बसतो आणि बेडूक व लहान मासे गिळतो. हवेतून श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागते, त्यामुळे त्याची जागा कळून येते. तथापि त्याचे तोंड हाडकुळे व कठीण असल्याने गळ रुतवण्यास जोराचा झटका द्यावा लागतो. वनस्पतींत न अडकणारे, बेडकाच्या आकाराचे पोकळ आमिष, जाड विणलेला दोरा आणि ताठ कास्टिंग काठी ही साधने मरळसाठी योग्य होत. बासच्या हलक्या पद्धतीचे अनुकरण येथे बहुधा फसते.

तिलापिया हा परदेशी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला व पुढे अनेक जलाशयांत पसरला. त्याचे तोंड लहान असते व तो मोकळ्या काठाजवळ वावरतो. २-३ ग्रॅमचे आमिष व हलके स्पिनिंग साधन त्याच्यासाठी पुरेसे असते. महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्यातील मासा आहे. दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये केले. लहान महाशीर फिरत्या धातुपत्राच्या आमिषावर येतो. पण मोठा मासा पहिल्याच धावेत बराच दोरा नेतो, म्हणून मोठ्या आकाराचे स्पिनिंग रीळ व भरपूर दोरा लागतो.

रोहू, कटला व मृगळ हे मासे वनस्पती, प्लवक व तळातील गाळावर उपजीविका करतात. ते कृत्रिम आमिषाकडे क्वचितच वळतात. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा वापरला जातो. तेथे स्पिनिंग रीळ उपयोगी पडत असले तरी ती हलकी आमिषमासेमारी म्हणता येत नाही.

माशांची सुरक्षितता

बारीक दोऱ्यामुळे माशाशी होणारी झटापट लांबते. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असल्याने फार दमलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत अधिक मजबूत साधन वापरून मासा लवकर काठाला आणणे, अथवा मासेमारी पहाटेपुरती मर्यादित ठेवणे हितकारक असते. मासा सोडायचा असल्यास काटा नसलेला गळ, ओले हात आणि पाण्यातच गळ काढणे या गोष्टी उपयुक्त ठरतात.

मरळचे नर-मादी पिलांचे रक्षण करतात. पृष्ठभागावर दिसणारा तांबूस पिलांचा थवा म्हणजे खाली पालक मासा असल्याची खूण असते. त्या वेळी तो आमिषावर सहज धावतो. परंतु तो पकडला गेला तर पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून अशा थव्याजवळ आमिष टाकणे अनुचित मानले जाते.

काठावर टाकून दिलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळे, पाणकावळे इत्यादी पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. गुंता झालेला दोरा कापून परत नेणे हा या छंदाचा प्राथमिक नियम समजला जातो.

परवानगी व निर्बंध

धरणे व तलाव यांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि भोई व ढीवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर चालते. हौशी मासेमारालाही त्या संस्थेची व संबंधित विभागाची परवानगी आवश्यक असते. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून तेथील राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्या हद्दीतील नद्यांत हौशी मासेमारी करता येत नाही.

महाराष्ट्रात काठीने मासेमारीचा छंद मुंबईतील पवई तलाव व पुणे जिल्ह्यातील जलाशय यांच्या परिसरात अधिक रुजला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरच्या बीजोत्पादनाचे काम केले आहे.

बास मासा भारतीय जलाशयांत सोडण्याची कल्पना हौशी मंडळींत अधूनमधून मांडली जाते. जपानमध्ये तो १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला गेला, पुढे देशभर पसरला आणि स्थानिक माशांना घातक ठरल्याने २००५ मध्ये आक्रमक परकीय प्रजाती म्हणून कायद्याच्या कक्षेत आला. हा अनुभव पाहता परका मासा आणण्यापेक्षा स्थानिक माशाच्या सवयींना अनुरूप साधन निवडणे अधिक श्रेयस्कर ठरते.

हेही पहा

मासेमारी
महाशीर
मरळ
तिलापिया
मानसोल्लास
मेळघाट व्याघ्र प्रकल्प
अचलपूर